शिक्षा ठरते कुठे? बाई असणं, आदिवासी असणं आणि फौजदारी कोर्ट (ऑस्ट्रेलिया, थोडं कॅनडा)

यारानदी

मागच्या आठवड्यात फाशीच्या धाग्यावर 'गुन्हा सारखा तर शिक्षा सारखी, विषय संपला' असं दोघातिघांनी ठणकावून सांगितलं होतं. तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतेय. मी मेलबर्नला दुभाष्याचं काम करते, त्यातलं बरंचसं कोर्टात. वकील नाही. कायद्यात काही चुकलं तर कायदेवाल्यांनी कान धरावा.

सुरुवात दोन निकालांपासून. २ ऑक्टोबर २०१३ ला ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने (इथलं हायकोर्ट म्हणजे आपलं सुप्रीम कोर्ट) एकाच दिवशी दोन ॲबोरिजिनल (म्हणजे इथल्या आदिवासी) पुरुषांच्या अपिलांवर निकाल दिले.

पहिला बगमी. न्यू साउथ वेल्समधल्या विल्कॅनियाचा माणूस. कच्चा कैदी असताना तुरुंगातल्या एका अधिकाऱ्यावर त्याने बिलियर्डचे चेंडू फेकून मारले, अधिकाऱ्याचा एक डोळा गेला. बगमी लहानपणापासून घरात दारू आणि मारहाण बघत वाढलेला. राज्याच्या अपील कोर्टाने शिक्षा वाढवताना म्हटलं होतं की वय वाढलं, गुन्हे वाढले, आता बालपणाचं किती दिवस ऐकून घ्यायचं? हायकोर्टाने हे खोडून काढलं. असं बालपण माणसाला आयुष्यभर चिकटून राहतं, काळ गेला म्हणून त्याचं वजन घटत नाही, शिक्षा ठरवताना ते पूर्ण मोजा, असं सांगितलं. पण सोबत हेही सांगितलं की ॲबोरिजिनल आहे एवढ्यावर काही गृहीत धरता येणार नाही. या माणसाच्या आयुष्यात काय घडलं त्याचा पुरावा हवा.

दुसरा मुंडा. वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या फिट्झरॉय क्रॉसिंगचा. दारूच्या नशेत जोडीदारणीला इतकं मारलं की ती गेली. आधीही मारायचा. पहिली शिक्षा ५ वर्षं ३ महिने, सरकारच्या अपिलावर ती ७ वर्षं ९ महिने झाली. त्याचंही बालपण आणि वस्तीतली परिस्थिती बगमीसारखीच, आणि ती लक्षात घ्यायला हवी हे हायकोर्टानेही मान्य केलं. पण मेलेली बाईसुद्धा ॲबोरिजिनलच. तिच्या वस्तीत हिंसा नेहमीचीच म्हणून तिच्या जिवाची किंमत कमी धरली तर कायद्याचं संरक्षण तिला मिळालंच नाही असं होईल, असं म्हणून कोर्टाने अपील फेटाळलं.

दोन्ही निकाल मला पटतात, आणि पंचाईत तिथेच आहे. आरोपीची जात-जमात बघून दया दाखवावी का, एवढाच प्रश्न असता तर हा धागा चार प्रतिसादांत आटोपला असता. इथे आरोपीच्या बाजूलाही इतिहास आहे आणि मेलेल्या बाईच्या बाजूलाही तोच इतिहास आहे.

आता आकडे. ऑस्ट्रेलियन लॉ रिफॉर्म कमिशनचा या विषयावरचा अहवाल २०१७ अखेरचा. प्रौढ बायकांमध्ये ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरच्या बायका साधारण २ टक्के, तुरुंगातल्या बायकांमध्ये ३४ टक्के. त्याआधी १९८७ ते १९९१ असा मोठा आयोग बसला होता, कोठडीतल्या ९९ मृत्यूंची चौकशी, ३३९ शिफारशी. तेव्हा तुरुंगात सगळे मिळून ॲबोरिजिनल १४ टक्के होते. शिफारशी आल्यावर प्रमाण घटायला हवं होतं ना? दुपटीच्याही पुढे गेलं.

तर मग न्यायाधीश पक्षपाती आहेत का? इथे गंमत आहे. सामंथा जेफ्रीज आणि क्रिस्टीन बाँड या दोन संशोधक बायांनी इथल्या वेगवेगळ्या राज्यांतल्या शिक्षांचा वर्षानुवर्षं अभ्यास केलाय. गुन्ह्याचं गांभीर्य, आधीचे गुन्हे, कबुली वगैरे सगळं सारखं धरून तुलना केली तर वरच्या कोर्टांत ॲबोरिजिनल आरोपींना बरोबरीची, कधी कधी किंचित सौम्य वागणूक मिळते. खालच्या कोर्टांत मात्र तुरुंगाकडे कल जास्त. आणि बायकांना पुरुषांपेक्षा सौम्य शिक्षा, हे इथेही बऱ्याचदा दिसतं.

माझं म्हणणं असं की 'आधीचे गुन्हे सारखे धरले तर' या पाच शब्दांत अर्धी गोष्ट गडप होते. आधीचे गुन्हे आले कुठून? सविस्तर खाली प्रतिसादांत लिहीन, आत्ता जेवायला बोलावतायत.

---

खडीसाखर

वाचतेय. मुंडाचं वाचून पोटात गोळा आला. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

रोखठोक

यारानदी, लेख चांगला, पण तुमच्याच आकड्यांनी तुमचा मुद्दा पडला. सगळं सारखं धरलं तर न्यायाधीश बरोबरीने वागतात, वरून सवलतही देतात. मग भेदभाव उरला कुठे? गुन्हे जास्त केले, आत जास्त गेले. बायकांनाही सवलत, आदिवासींनाही सवलत. सर्वसामान्य गोऱ्या पुरुषाने काय घोडं मारलंय?

---

यारानदी

@रोखठोक, जेवण झालं. आता घोड्याकडे वळू.

मॅजिस्ट्रेट कोर्टातली सोमवारची सकाळ कशी असते सांगते. बाहेरच्या पडद्यावर नावांची लांबच्या लांब यादी. आरोपीला फुकट वकिलाची सोय असते, पण असा एकच ड्यूटी लॉयर (त्या दिवशी कोर्टात नेमलेला फुकट वकील) आणि बाकड्यावर पंधरा जण. एकेकाला दहा मिनिटं मिळाली तर नशीब. आत गेलं की पोलिसांचा वकील एक परिच्छेद वाचतो, मग मॅजिस्ट्रेटच्या हातात जुन्या नोंदींचे कागद जातात. चार-पाच पानं असतील तर खोलीतली हवाच बदलते. त्या पानांत काय असतं? अमुक तारखेला हजर राहिली नाही. सार्वजनिक ठिकाणी दारू प्यायलेली. पोलिसाला शिवी. विनातिकीट प्रवास, दंड भरला नाही. जामिनाची अट मोडली. यातलं बरंचसं ज्याच्या घराला अंगण आणि दाराला कडी आहे त्याच्या हातून घडतही असेल, पण ते पोलिसांच्या डोळ्यांपुढे घडत नाही. बेघर माणसाचं सगळं आयुष्यच सार्वजनिक ठिकाणी.

मग ती पानं घेऊन हीच बाई पाच वर्षांनी वरच्या कोर्टात उभी राहते. न्यायाधीश अगदी निःपक्षपातीपणे 'आधीच्या नोंदी बघता' म्हणतो. तो पक्षपाती नाही, कबूल. नोंदी पक्षपाती आहेत.

आणि बायकांची सवलत. तिच्यामागचं कारण बघा. न्यायाधीश काय मोजतो: घर आहे का, मुलं हिच्यावर अवलंबून आहेत का, कुणी जामीन राहील का, पुन्हा गुन्हा करेल असं वाटतं का. ही सवलत 'बाई' म्हणून मिळत नाही, 'संसारी बाई' म्हणून मिळते. जिची मुलं सरकारने आधीच काढून घेतलीयत, जी मारणाऱ्या नवऱ्याला सोडून गाडीत झोपते, तिच्याकडे दाखवायला काहीच नसतं.

---

वऱ्हाडी ठेचा

संसारी बाई वालं एकदम पटलं बा. आमच्याकडं पण वकील लोक बाईले सांगतात ना, डोक्यावर पदर घेऊन ये, लेकराले कडेवर घे, अन् मान खाली घालून उभी राय.

---

कायद्याचं बोट

फौजदारीत बावीस वर्षं काढली, त्यातून बोलतो. ठेचा म्हणतात ते खरं आहे, मीही सांगितलंय. आपल्याकडे जामिनाच्या कलमात बाईसाठी वेगळी तरतूद आहेच (पूर्वी ४३७, आता नव्या संहितेत ४८०). पण तरतूद असून जामीनदार नसेल तर बाई आतच. पंधरा हजाराच्या जामिनासाठी महिनोन् महिने बसलेल्या पाहिल्यात.

यारानदी, एक शंका. बगमीमध्ये 'प्रत्येकाचा वेगळा पुरावा द्या' म्हटलं, तो पुरावा आणणार कोण? तुमच्या त्या दहा मिनिटांच्या ड्यूटी लॉयरला जमणार आहे का?

---

यारानदी

@कायद्याचं बोट, बरोबर खपलीवर बोट ठेवलंत. नाही जमत. मोठ्या खटल्यात मानसतज्ज्ञाचा अहवाल येतो, खालच्या कोर्टात पैसा नसतो आणि वेळही नसतो. या बाबतीत कॅनडा पुढे आहे. आपल्याकडचे @थंडीतला_मी तिकडे समाजसेवा खात्यात आहेत, त्यांनी लिहावं अशी जाहीर विनंती.

---

थंडीतला_मी

हाक मारलीत, आलो. विनिपेगला उणे २२ आहे, बाहेर जायचा प्रश्नच नाही.

कॅनडाच्या फौजदारी संहितेत १९९६ साली ७१८.२(ई) हे कलम आलं. तुरुंगाला रास्त पर्याय असेल तर तो आधी तपासा, सगळ्याच आरोपींच्या बाबतीत, आणि आदिवासी आरोपींच्या परिस्थितीकडे विशेष लक्ष द्या, असा त्याचा आशय. १९९९ ला सुप्रीम कोर्टाने ग्लॅड्यू खटल्यात त्याचा अर्थ लावला. इथे धागाकर्तीच्या विषयाला धरून एक गोष्ट: ज्या खटल्यावरून हे सगळं सुरू झालं त्यातली आरोपी बाईच. ब्रिटिश कोलंबियातल्या ननाइमोमध्ये, स्वतःच्या एकोणिसाव्या वाढदिवसाच्या पार्टीच्या रात्री तिने जोडीदाराला भोसकलं. खालच्या न्यायाधीशाने म्हटलं की ही शहरात राहते, राखीव वस्तीत नाही, तेव्हा हिचं आदिवासी असणं इथे लागू नाही. सुप्रीम कोर्ट म्हणालं, शहरात राहिल्याने इतिहास पुसला जात नाही. पण (@रोखठोक, हे वाचा) तिची तीन वर्षांची शिक्षा कोर्टाने तशीच ठेवली. सरसकट सूट नाही, हे त्याच निकालात आहे. त्यानंतर २०१२ च्या इपीली खटल्यात कोर्टाने खालच्या कोर्टांना पुन्हा कानपिचक्या दिल्या: निवासी शाळा (आदिवासी मुलांना घरापासून तोडून जिथे ठेवत त्या), विस्थापन, दारिद्र्य या इतिहासाची दखल न्यायाधीशाने आपणहून घ्यायची, आणि त्याचा गुन्ह्याशी थेट कार्यकारणसंबंध सिद्ध करायला आरोपीला लावायचं नाही.

यातून 'ग्लॅड्यू अहवाल' निघाला. मी वाचलेले अहवाल पंधरा-वीस पानांचे असतात. आजी निवासी शाळेत होती का, तिथे काय झालं, आईला दारू कधी लागली, आरोपी किती पालक-घरांत वाढला, शाळा किती बदलल्या, भाषा येते का, गावात आता कोण आहे, कोण जबाबदारी घेईल, कुठल्या उपचारकेंद्रात जागा आहे. शेवटचे दोन मुद्दे सर्वांत महत्त्वाचे, आणि तेच बऱ्याचदा लंगडे पडतात. गावात केंद्रच नसेल तर न्यायाधीशाने सहानुभूतीने पाठवायचं कुठे?

इतकं करून फळ काय? ग्लॅड्यूच्या निकालात कोर्टाने दिलेला आकडा होता: आदिवासींचं प्रमाण लोकसंख्येत ३ टक्के, केंद्रीय तुरुंगांत १२ टक्के. आज लोकसंख्येत ५ टक्क्यांच्या आसपास, आणि केंद्रीय तुरुंगातल्या बायकांत निम्म्या आदिवासी.

---

रोखठोक

म्हणजे कलम आणलं, अहवाल आणले, आणि आकडा चौपटीने चढला. मग ते कलम फसलं असं सरळ म्हणा की. त्यापेक्षा सगळ्यांना एक फूटपट्टी बरी. शिवाय बायकांचा टक्का जास्त दिसतो कारण कॅनडात मुळात बायका तुरुंगात कमी.

---

थंडीतला_मी

@रोखठोक, १२ टक्के हा पुरुष-बाया मिळून होता, आत्ताचा निम्मा फक्त बायकांचा, त्यामुळे चौपट म्हणता येणार नाही. पण चढला हे खरं. बायका एकूण कमी हेही खरं. त्यातल्या निम्म्या एका पाच टक्क्यांतून का, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

कलम का फसतं त्याचा एक नमुना देतो. शर्मा खटला. (आडनाव बघून आपली कुणी समजू नका, ओजिब्वे या आदिवासी समाजातली मुलगी, त्यातल्या सॉगीन गटाची.) वय वीस, एकटी आई, घरभाडं थकलेलं, आता बाहेर काढतील अशी अवस्था. बॉयफ्रेंड म्हणाला एक सुटकेस घेऊन ये, वीस हजार डॉलर देतो. टोरोंटोच्या विमानतळावर सुटकेसमध्ये जवळपास दोन किलो कोकेन. आजी निवासी शाळेत गेलेली. ग्लॅड्यू अहवालात बसावं असं सगळं. तिला हवी होती घरी राहून, अटींवर भोगायची शिक्षा. पण २०१२ च्या कायद्याने त्या प्रकारच्या गुन्ह्यांना ती शिक्षा बंदच केली होती. न्यायाधीशाने १८ महिने तुरुंग दिला.

ओंटारिओच्या अपील कोर्टाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली. सुप्रीम कोर्टाने ४ नोव्हेंबर २०२२ ला पाच विरुद्ध चार मतांनी बंदी वैध ठरवली. आणि दोन आठवड्यांच्या आत संसदेनेच नवा कायदा करून ती बंदी उठवली!

तर एका कलमात म्हणायचं 'पर्याय शोधा', दुसऱ्या कलमाने पर्याय काढून घ्यायचे. यात न्यायाधीशाच्या मनात आदिवासी बाईबद्दल काय आहे याला फारसा अर्थच उरत नाही.

---

खडीसाखर

पाच विरुद्ध चार, आणि दोन आठवड्यांत कायदाच बदलला. त्या मुलीला काय वाटलं असेल. धागा वाचनखूण म्हणून साठवलाय.

---

यारानदी

@थंडीतला_मी, दंडवत. हेच इथे जामिनाच्या बाबतीत झालं.

व्हिक्टोरियात जानेवारी २०१७ मध्ये बर्क स्ट्रीटवर एकाने गाडी घालून माणसं मारली, तो जामिनावर होता. लोक खवळले, जामिनाचे कायदे कडक झाले. डोळ्यांपुढे असा गाडीवाला पुरुष होता, आणि सापडल्या कोण, तर दुकानातून वस्तू उचलणाऱ्या बायका. कारण नियम असा झाला की जामिनावर असताना पुन्हा काही केलं तर, गुन्हा कितीही किरकोळ असो, आपल्याला बाहेर का सोडावं हे आरोपीनेच पटवून द्यायचं.

३० डिसेंबर २०१९ ला व्हेरॉनिका नेल्सन या ३७ वर्षांच्या ॲबोरिजिनल बाईला दुकानचोरीच्या संशयावरून पकडलं. दुसऱ्या दिवशी जामिनाच्या सुनावणीत ती वकिलाशिवाय, एकटी बोलली. जामीन नाकारला. २ जानेवारीला पहाटे ती तुरुंगाच्या कोठडीत मेली. रात्रभर इंटरकॉमवरून मदत मागत होती. कॉरोनरने (अशा मृत्यूंची चौकशी करणारा न्यायिक अधिकारी) जानेवारी २०२३ च्या निकालात त्या जामीन-सुधारणांना पूर्ण अनर्थ म्हटलं. लक्षात घ्या, शिक्षा कुणी सुनावलीच नव्हती. शिक्षांच्या कुठल्याही अभ्यासात ही बाई मोजली जाणार नाही.

वेस्टर्न ऑस्ट्रेलियातलं आणखी एक. मिस धू (कुटुंबाच्या इच्छेप्रमाणे एवढंच नाव घेतात). वय २२. ऑगस्ट २०१४. पोलीस आले होते तिच्या जोडीदाराच्या मागावर. तिच्या नावावर ३,६२२ डॉलरचे थकलेले दंड निघाले, दोघांनाही नेलं. तिकडे तेव्हा दंड 'भोगून फेडायची' सोय होती, दिवसाला २५० डॉलर वळते व्हायचे. जोडीदाराने मोडलेल्या बरगडीत जंतुसंसर्ग झालेला. दुखतंय म्हणाली तर सोंग करते म्हणाले. तिसऱ्या दिवशी गेली. तो कायदा बदलायला २०२० उजाडलं.

---

प्रश्नचिन्ह

मूळ धागा शिक्षेचा होता, आपण जामीन आणि दंडावर आलो. अवांतर होत नाहीये का?

---

कायद्याचं बोट

@प्रश्नचिन्ह, मुळीच नाही. जो कच्चा कैदी म्हणून आत राहिला तो खटल्याच्या दिवशी कोठडीतून, बेड्यांत, अंघोळ न करता येतो. नोकरी गेलेली, खोली गेलेली. शिक्षा सुनावताना 'याला आधार काय' विचारलं की उत्तर नाही. शिवाय 'जेवढे दिवस काढले तेवढ्यावर सोडतो, कबूल कर' म्हटलं की निर्दोष माणूसही कबूल करून मोकळा होतो. पुढच्या वेळी ती कबुलीच 'आधीची नोंद'.

आता थोडं आपल्याकडचं, कारण ग्लॅड्यू अहवालासारखं काहीतरी आपल्याकडेही आलंय, निदान फाशीच्या खटल्यांत. २०२२ ला सुप्रीम कोर्टाने मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या खटल्यात सांगितलं की फाशी द्यायच्या आधी आरोपीचं बालपण, घर, शिक्षण, मानसिक अवस्था, तुरुंगातलं वागणं यांचे अहवाल मागवा. चांगलं आहे. पण त्याआधीचं अंकुश मारुती शिंदे प्रकरण आठवा. सहा जण, भटक्या जमातीतले, गरीब मजूर. भोकरदनजवळचं २००३ चं बलात्कार-खुनाचं प्रकरण. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशी सुनावली. २०१९ मध्ये त्याच कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला लावली, आणि एक तर त्या वेळी अल्पवयीन होता. जमातीकडे बघून आधी पकडायचं, मग शिक्षेच्या वेळी जमातीची दया करायची का यावर खल करायचा! १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचं भूत १९५२ ला कागदावरून गेलं, पोलीस ठाण्यातून नाही.

---

वऱ्हाडी ठेचा

पारध्यांवर वेगळा धागा काढाच साहेब. +१००

---

रोखठोक

नोंदींचा मुद्दा मान्य करतो, तेवढा विचार केला नव्हता. पण मुंडावर सगळ्यांनी सोयीस्कर मौन पाळलंय. आदिवासी पुरुषाला इतिहास म्हणून कमी शिक्षा दिली तर तो परत जाऊन मारणार कुणाला? आदिवासी बाईलाच. तिथे तुमची फूटपट्टी कुठली? आणि ऑस्ट्रेलियात ते वडीलधाऱ्यांचं कोर्ट म्हणतात त्यात तर पुरुष पुरुषाला सांभाळून घेत असतील.

---

यारानदी

@रोखठोक, मौन नाही, घाबरून होते.

वडीलधाऱ्यांच्या कोर्टाचं, म्हणजे इथल्या कूरी कोर्टाचं, आधी सांगते. व्हिक्टोरियात २००२ ला शेपर्टनमध्ये पहिलं सुरू झालं. आरोपीने गुन्हा कबूल केलेला असावा लागतो. उंच आसन नाही, सगळे एका लंबगोल टेबलाभोवती. मॅजिस्ट्रेटच्या शेजारी समाजातले वडीलधारे बसतात, त्यांत बायकाही असतात. शिक्षा मॅजिस्ट्रेटच ठरवतो, पण आधी ते बोलतात. तिथे सांभाळून घेतात ही कल्पना काढून टाका. 'तुझ्या आजीला मी ओळखत होते, ती आज असती तर तुला काय म्हणाली असती?' असं भर टेबलावर विचारणाऱ्या म्हातारीपुढे मोठमोठे बाप्ये रडतात. नेहमीच्या कोर्टात तोच बाप्या शून्यात बघत उभा असतो, वकील बोलतो, संपलं. लैंगिक गुन्हे मात्र तिथे चालवत नाहीत.

आता मुंडा. कॅनडाने २०१९ मध्ये संहितेत आणखी एक कलम घातलं, ७१८.२०१. जोडीदाराच्या छळाच्या गुन्ह्यात बळी पडलेल्या बायकांची असुरक्षितता लक्षात घ्या, त्यातही आदिवासी बायकांच्या परिस्थितीकडे खास लक्ष द्या. म्हणजे आदिवासी नवऱ्याने आदिवासी बायकोला मारलं तर न्यायाधीशाने दोन्ही कलमं एकाच वेळी वापरायची, एक त्याच्या बाजूचं, एक तिच्या. सूत्र कुठेही दिलेलं नाही. देता येईल असं मला वाटतही नाही.

माझं मत विचारत असाल तर अशा खटल्यात मी बाईच्या बाजूने झुकते. पण मुंडाची शिक्षा अडीच वर्षांनी वाढली याचा अर्थ फिट्झरॉय क्रॉसिंगमधली पुढची बाई सुरक्षित झाली असा मी घेत नाही. ती रात्री पळून जाईल कुठे, पोलिसांना बोलावलं तर मिस धूसारखं तिचंच जुनं काही निघेल का, हे प्रश्न त्या कोर्टापुढे नव्हतेच. पुष्कळ बायका याच भीतीने फोन करत नाहीत.

---

प्रश्नचिन्ह

अवांतर म्हणालो ते मागे घेत नाही, पण वाचतोय. व्हिक्टोरियातला जामिनाचा कायदा त्या निकालानंतर बदलला का?

---

यारानदी

@प्रश्नचिन्ह, बदलला. मार्च २०२४ पासून किरकोळ गुन्ह्यांसाठी सैल झाला. मग पोरांच्या घरफोड्यांच्या बातम्यांनी वर्तमानपत्रं भरली आणि मार्च २०२५ मध्ये सरकारने पुन्हा आवळला. उद्या सकाळी ड्यूटी आहे, बाकीचं संध्याकाळी लिहिते.

---

कायद्याचं बोट

पारध्यांवर लिहितो, पण दिवाळीच्या सुट्टीत. तोवर कुणाकडे १९५९ चा मुंबई सराईत गुन्हेगार कायदा मराठीत असेल तर निरोप पाठवा.